हॉलमध्ये झकास, पॉडकास्टमध्ये बिघडलेलं: लाइव्ह कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगचं समस्या निवारण

कार्यक्रम रंगतो, टाळ्या पडतात, आवाजाबद्दल हॉलमध्ये कुणाचीच तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी पॉडकास्टसाठी फाइल उघडावी तर निवेदक कानाशी ओरडतोय, गिटार शेजारच्या खोलीत वाजतेय आणि लोक हसले की नाही तेच कळत नाही. मग पुढच्या वेळी माइक बदलतात, रेकॉर्डर बदलतात, तरी रड तीच.

दोष बहुतेक वेळा उपकरणात नसतोच. मिक्सरवर बसलेला माणूस हॉलसाठी आवाज जुळवत असतो. जे वाद्य मुळातच मोठं वाजतं त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) तो खाली ठेवतो, जो आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही तो वर करतो. त्यामुळे मिक्सरच्या मुख्य आउटमधून बाहेर पडतं ते फक्त हॉलला कमी पडणारं. पूर्ण कार्यक्रम तिथे नसतोच. रेकॉर्डिंगला मिक्सरमधून स्वतःची वेगळी वाट काढून दिली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या बहुतेक त्या वाटेवरच्या चार-सहा फूट केबलमध्ये आणि दोन जॅकमध्ये सापडतात.

आधी बिघाड कुठे आहे ते पकडा

चार ठिकाणी, याच क्रमाने ऐका. पहिलं, मिक्सरवर त्या माइकचा चॅनेल सोलो करून, म्हणजे तेवढाच हेडफोनवर घेऊन. दुसरं, ज्या ऑक्समधून (मुख्य आउटपासून वेगळी, मिक्सरची जादा वाट) रेकॉर्डरला सिग्नल जातो तो ऑक्स सोलो करून. तिसरं, रेकॉर्डरच्या स्वतःच्या हेडफोन जॅकवर. चौथं, दोन मिनिटं रेकॉर्ड करून ती फाइल साध्या मोबाइलच्या स्पीकरवर. जिथे आवाज पहिल्यांदा बिघडलेला ऐकू येतो, त्या जागेच्या आणि तिच्या आधीच्या जागेच्या मध्येच दोष आहे. चौथी पायरी बरेच जण गाळतात, आणि सगळ्यात फसवा दोष नेमका तिथेच उघडा पडतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे हवेत. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो, त्यामुळे समोरच्या ओठांशी काही जुळत नाही आणि नसलेला दोष शोधण्यात वेळ जातो. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, जॅक आणि गेन (इनपुटला सिग्नल किती वाढवायचा ते) एकदम बदललं आणि आवाज सुधारला, तर खराब काय होतं ते कळत नाही आणि ती खराब केबल परत पेटीत जाऊन बसते.

वाद्यं लांब, हशा गायब

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घेणं. बऱ्याच डिजिटल मिक्सरमधून यूएसबीवाटे सगळे चॅनेल स्वतंत्र निघतात. ते फेडर, इक्वलायझर (खोल-तीक्ष्ण पट्टे कमी-जास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारा) यांच्या आधीच्या टप्प्यावरून घ्या, म्हणजे हॉलसाठी केलेले फेरफार फाइलमध्ये उतरत नाहीत. जागेचा हिशेब आधी करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका चॅनेलच्या तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. आठ चॅनेल दोन तास चालवले तर ८.३ जीबी. कार्ड एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही. रेकॉर्डर आपोआप फाइल तोडून पुढे चालू राहतो की मध्येच थांबतो, हे कार्यक्रमाच्या आधी बघून ठेवा.

रेकॉर्डरला दोनच चॅनेल असतील तर मुख्य आउट सोडा आणि एक ऑक्स फक्त रेकॉर्डिंगसाठी राखा. हा ऑक्स प्री-फेडर (फेडरच्या आधीचा सिग्नल घेणारा) ठेवायचा की पोस्ट-फेडर (फेडरच्या नंतरचा), यावर नेहमी वाद होतो. आमचं मत असं: गप्पांच्या कार्यक्रमाला पोस्ट, गाण्याच्या कार्यक्रमाला प्री. गप्पांमध्ये ज्याची पाळी त्याचाच माइक वर असतो. तिथे प्री ठेवला तर चार बंद समजलेले माइक रेकॉर्डिंगमध्ये उघडेच राहतात, हॉलचा घुमारा गोळा करतात आणि कलाकारांची आपापसातली कुजबुजही. गाण्यात मात्र साउंडवाले हॉलप्रमाणे फेडर सतत हलवतात, आणि त्या हालचाली रेकॉर्डिंगला नकोच असतात. म्यूट दाबल्यावर प्री-फेडर ऑक्सही बंद होतो की नाही, हे मिक्सरगणिक वेगळं असतं. हातातल्या मिक्सरवर एकदा करून बघणं हाच त्यावर मार्ग.

गिटारचा अँप किंवा ड्रम छोट्या हॉलमध्ये इतके मोठे वाजतात की त्यांना माइक लावतच नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये मग ते गायकाच्या माइकमधून झिरपतात तेवढेच येतात. त्यांनाही माइक लावा, पण तो चॅनेल मुख्य आउटला जोडू नका, फक्त रेकॉर्डिंगच्या ऑक्सला पाठवा. साउंडवाल्यांना हे आधी सांगा. "याची इथे गरज नाही" म्हणून तो माइक काढला जाण्याची वेळ हमखास येते.

प्रेक्षकांसाठी दोन कार्डिऑइड माइक रंगमंचाच्या दोन कडांना, तोंड प्रेक्षकांकडे करून, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच लावा. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून पाठ स्पीकरकडे येईल असा कोन साधा. हे माइक कोणत्याही परिस्थितीत हॉलच्या स्पीकरला जायला नकोत. संपादनात बोलणं चालू असताना हे ट्रॅक १० ते १५ डीबी (डेसिबल) खाली ठेवा. हशा-टाळ्यांना हळूच वर आणा आणि हळूच खाली न्या. झटक्यात वर-खाली केलं की दार उघडून मिटल्यासारखं वाटतं.

इथे एक खोच आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. प्रेक्षकांचा माइक स्पीकरपासून १५ मीटर मागे असेल तर निवेदकाचा आवाज त्यात ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मूळ ट्रॅकशी मिसळला की चक्क प्रतिध्वनी ऐकू येतो. अंतर ३ मीटर असेल तर प्रतिध्वनी जाणवत नाही, पण आवाज नळीतून आल्यासारखा बारीक होतो. उपाय सोपा आहे. कार्यक्रमाआधी निवेदकाच्या माइकसमोर एक खणखणीत टाळी वाजवा. संपादनात दोन्ही ट्रॅकवर त्या टाळीचं टोक शोधा आणि प्रेक्षकांचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, ओढून टोकाशी टोक जुळवा.

हेडफोनवर ठीक, मोबाइलवर आवाज पोकळ किंवा गायबच

हा तो फसवा दोष. संपादन करणाऱ्याच्या कानाला हेडफोन असतात, त्याला सगळं नीट ऐकू येतं. भाग प्रसिद्ध होतो आणि फोनच्या एका स्पीकरवर ऐकणारे कळवतात की निवेदक बोलतच नाहीये.

कारण जॅकमध्ये आहे. व्यावसायिक मिक्सरचं बॅलन्स्ड आउट एकच सिग्नल दोन तारांवर पाठवतं: एकीवर सरळ, दुसरीवर उलटा. एक्सएलआरमध्ये (तीन पिनांचा गोल जोड) पिन २ वर सरळ, पिन ३ वर उलटा आणि पिन १ वर शील्ड (तारांभोवतीचं संरक्षक आवरण). मोठ्या, तीन भागांच्या टीआरएस जॅकमध्ये टोकावर सरळ, मधल्या कड्यावर उलटा. घेणारं उपकरण या दोहोंमधला फरक काढतं. फरक काढताना मूळ आवाज दुणावतो आणि केबलने वाटेत दोन्ही तारांवर सारखाच गोळा केलेला कचरा रद्द होतो. योजना उत्तम आहे. पण स्टिरिओ मिनीजॅकलाही तीनच भाग असतात आणि तिथे टोक म्हणजे डावा कान, कडं म्हणजे उजवा कान. आकाराने जॅक जुळतो म्हणून बॅलन्स्ड आउट थेट कॅमेऱ्याच्या किंवा छोट्या रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटला लावलं जातं. मग डावीकडे सरळ आवाज आणि उजवीकडे तोच उलटा रेकॉर्ड होतो. हेडफोनवर प्रत्येक कानाला आपापला आवाज मिळतो, फार तर तो डोक्याच्या मधोमध न वाटता बाजूंना पसरल्यासारखा वाटतो. फोन डावं-उजवं एकत्र करतो तेव्हा सरळ आणि उलटा एकमेकांना खाऊन टाकतात.

याची उलटी बाजूही तितकीच नेहमीची. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून टीआरएस केबल काढून मिक्सरच्या एका मोनो बॅलन्स्ड चॅनेलला लावली की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. दोन्हींकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं. शीर्षकगीतातला गायक जातो, त्याचा घुमारा आणि बाजूंना पसरलेली वाद्यं तेवढी उरतात. "फाइलच खराब आहे" म्हणून ती पुन्हा पुन्हा डाउनलोड केली जाते.

तपासणी अशी. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य आउट मोनो करा. आवाज एकदम पातळ झाला किंवा गेला तर दोष हाच. पहिल्या प्रकारात झालेलं रेकॉर्डिंग पूर्ण वाचवता येतं: उजवा चॅनेल उलटा करून दोन्ही एकत्र करा, किंवा सरळ उजवा टाकून डावा एकटाच मोनो म्हणून वापरा. दुसऱ्या प्रकारात वजा झालेलं परत येत नाही. मूळ गाण्याची फाइलच संपादनात त्या जागी बसवावी लागते.

कायमचा बंदोबस्त केबलनेच होतो. मिक्सरच्या जॅक आउटपासून मिनीजॅक इनपुटकडे जाताना मोठ्या बाजूला दोन भागांचा टीएस जॅक आणि मिनीजॅकच्या टोकाला व कड्याला तोच एक सिग्नल, अशी मोनो ते स्टिरिओ केबल घ्या. आउट एक्सएलआर असेल तर पिन ३ शील्डला जोडलेलं स्वस्त अडॅप्टर लावण्याआधी थांबा, कारण काही मिक्सरच्या आउटपुट सर्किटला ते सोसत नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर (दोन बाजूंचा थेट विद्युत संबंध तोडणारी डबी) लावणं सुरक्षित. लॅपटॉपकडून मिक्सरकडे येताना एका स्टिरिओ मिनीजॅकमधून दोन वेगळे टीएस जॅक निघणारी केबल घ्या आणि ते दोन चॅनेलना लावा. स्टिरिओ डीआय बॉक्स (असा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) असेल तर फारच छान. ज्या केबल या कामाच्या आहेत त्यांच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळा. एकाच पेटीतल्या काळ्या केबल अंधारात सारख्याच दिसतात.

मोबाइलवर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी एवढंच: ज्या फोनला हेडफोन जॅक असतो त्याच्या जॅकला चार भाग असतात. तीन भागांचा जॅक लावला तर फोन बाहेरचा माइक ओळखत नाही आणि गपचूप आतल्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो. रेकॉर्डिंग सुरू करून बाहेरच्या माइकच्या जाळीवर बोटाने हलकं खरवडा. ऐकू आलं नाही तर अडॅप्टर चुकीचं आहे.

मीटर हिरवा, तरी आवाज फाटतोय

मिक्सरच्या व्यावसायिक लाइन आउटची नेहमीची पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची लाइन पातळी उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच. लाइन आउट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला लावलं की आतला पहिलाच अँप्लिफायर गुदमरतो. त्याच्या पुढच्या टप्प्यावरचा लेव्हल तुम्ही कमी करता, मीटर उणे १० वर येतो, पण फाटलेला आवाज फक्त हळू होतो. लाटेचं चित्र मोठं करून बघा. सगळी टोकं एकाच उंचीवर चाकूने कापल्यासारखी सपाट दिसली आणि ती उंची शून्याच्या बरीच खाली असली, तर फाटणं इनपुटलाच झालेलं आहे.

इनपुट "लाइन"वर करा. तसा पर्याय नसेल तर केबलमध्ये २० ते ४० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. तोही नसेल तर मिक्सरवरचा ऑक्स मास्टर खाली घ्या, पण अगदी तळाला नेला तर मिक्सरचा स्वतःचा सुस्कारा वर येतो.

लेव्हल ठरवताना कलाकाराला नुसतं "हॅलो, चेक" म्हणायला लावू नका. त्याच्या कार्यक्रमातला सगळ्यात मोठा तुकडा म्हणायला सांगा आणि टोकं उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. प्रेक्षक समोर आले की बहुतेक माणसं तालमीपेक्षा मोठ्याने बोलतात, त्यासाठी ही मोकळी जागा असते. २४ बिटला एवढं खाली रेकॉर्ड केल्याने काही बिघडत नाही. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर असेल तर नंतर लेव्हल सावरता येते हे खरं, पण माइकमध्ये किंवा मिक्सरच्या गेनला फाटलेला आवाज त्यातही फाटलेलाच उतरतो.

घूं, खर्र आणि टर्र

आवाजाच्या जातीवरून उगम ओळखता येतो. सलग, खोल घूं म्हणजे ५० हर्ट्झची मेन वीज, काही देशांत ६०, आणि ती बहुधा अर्थ (अर्थिंग) लूपमधून येते: दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थ झालेली आणि ऑडिओ केबलनेही जोडलेली. दिवे मंद-प्रखर केल्यावर बदलणारी तीक्ष्ण खर्र डिमरची असते. लॅपटॉपच्या पडद्यावर पान सरकवताना सूर बदलणारी किरकिर चार्जरच्या वाटेने येते. थांबून थांबून येणारं टर्र-टर्र म्हणजे केबलशेजारी किंवा कुणाच्या खिशात असलेला मोबाइल.

लॅपटॉपचा चार्जर उपसून बघा. आवाज थांबला तर निदान झालं. कार्यक्रम छोटा असेल तर बॅटरीवर चालवा, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स टाकून त्याचं ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं) बटण दाबा. मिक्सर, रेकॉर्डर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, दिव्यांचं सर्किट वेगळं ठेवा. ऑडिओ केबल आणि विजेची केबल समांतर धावू देऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणं किंवा तिच्यावर टेप लावणं मात्र कधीही करू नका. एखाद्या अँपमध्ये बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगावर वीज आली तर ती जाते गिटार हातात धरून माइकला ओठ लावलेल्या माणसातून. यात जीव गेलेले आहेत.

शिट्टी

फीडबॅकची शिट्टी रेकॉर्डिंगमधून नीट काढता येत नाही. ती होऊच द्यायची नाही. बहुतेक वेळा माइक तोंडापासून लांब असतो म्हणून गेन चढवलेला असतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने पडतो, त्यामुळे ४० सेंटिमीटरवर धरलेला माइक १० सेंटिमीटरवर आणला की १२ डीबी फुकट मिळतात. निवेदकाला माइक कसा धरायचा हे दोन मिनिटं शिकवणं कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त काम करतं. जाळीभोवती मूठ आवळली तर माइकच्या मागच्या फटी बुजतात, तो सगळीकडून ऐकू लागतो आणि शिट्टी सुटते.

उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी सुटण्याआधीची मोकळीक ३ डीबीने कमी होते. चौघांच्या चर्चेत चारही माइक उघडे ठेवण्यापेक्षा जो बोलत नाही त्याचा फेडर थोडा खाली घ्या. मॉनिटर स्पीकर (रंगमंचावर कलाकारांना ऐकवणारा) कार्डिऑइड माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा. सुपरकार्डिऑइड माइकची बहिरी बाजू मात्र बरोबर मागे नसते, सुमारे १२६ अंशांवर असते, म्हणून तिथे मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा लागतो. बोलण्याच्या प्रत्येक माइकवर ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे खोल आवाज कापणारा फिल्टर) लावा. एवढं करूनही एखादा सूर शिट्टी मारतच असेल तर तेवढाच अरुंद पट्टा ३ ते ६ डीबी कापा. पाच-सहा ठिकाणी कापावं लागत असेल तर माइक किंवा स्पीकर चुकीच्या जागी आहे.

दूरच्या पाहुण्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो

पाहुणा लॅपटॉपवरून जोडला आणि हॉलच्या स्पीकरवर आणला, की हॉलचा पूर्ण मिक्स परत लॅपटॉपमध्ये जातो, त्यात पाहुणाही असतो. त्याला स्वतःचं बोलणं अर्ध्या सेकंदाने ऐकू येतं आणि तो अडखळतो. पाहुण्याला पाठवायचा मिक्स त्याचा स्वतःचा आवाज वगळून बनवावा लागतो. याला मिक्स-मायनस म्हणतात. एक ऑक्स घ्या, त्यावर सगळे माइक वर करा, पाहुण्याच्या चॅनेलचा ऑक्स पूर्ण शून्य ठेवा आणि हाच ऑक्स लॅपटॉपच्या इनपुटला द्या. दोन पाहुणे दोन वेगळ्या लॅपटॉपवर असतील तर दोन ऑक्स लागतील, प्रत्येकात तो-तो पाहुणा वगळून.

एवढं करूनही प्रतिध्वनी राहिला तर तो हॉलच्या स्पीकरमधून निवेदकाच्या माइकमध्ये जातोय. पाहुण्याचा आवाज मॉनिटरवर कमी करा. पाहुण्याला हेडफोन सक्तीचे करा. त्याच्याकडे वाद्य वाजणार असेल तर कॉलच्या सॉफ्टवेअरमधली आवाज गाळण्याची सोय बंद करा, झूममध्ये त्यासाठी "ओरिजिनल साउंड" आहे. नाहीतर लांबलेला सूर गोंगाट समजून कापला जातो. जमलं तर पाहुण्याने आपल्या बाजूला फोनवर वेगळं रेकॉर्ड करून पाठवावं.

सुरुवातीला जुळतं, शेवटी ओठ आणि आवाज फुटतात

दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी कधीच नसतात. दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ दोन फ्रेम. सुरुवातीला एक टाळी आणि संपल्यावर एक टाळी घ्या. संपादनात पहिली टाळी जुळवा, शेवटच्या टाळीचा फरक मोजा आणि ऑडिओ ट्रॅक तेवढा ताणा किंवा आखडा, सूर न बदलता. शेवटची टाळी राहून गेली असेल तर प्रत्येक कलाकाराच्या सुरुवातीला ट्रॅक कापून जुळवत जा. मधल्या टाळ्यांच्या कडकडाटात जोड लपून जातात.

फरक मिलिसेकंदांचा नसून मिनिटांचा असेल आणि आवाजही जाड झाला असेल, तर ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ समजून उघडली गेली आहे. तासाभराचा कार्यक्रम त्यात ६५ मिनिटं १८ सेकंदांचा होतो. तिथे ताणत बसू नका, फाइलचा सॅम्पल रेट दुरुस्त करा. मोबाइलच्या व्हिडिओत आणखी एक त्रास असतो. फोन उजेडाप्रमाणे फ्रेम रेट वर-खाली करतो. संपादनाआधी ती फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

थेट प्रक्षेपणात हीच तक्रार वेगळ्या कारणाने येते. आवाज मिक्सरमधून जवळजवळ लगेच पोचतो, चित्र कॅमेरा आणि कॅप्चर कार्डमधून फिरून उशिरा येतं. ओबीएसमध्ये (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) ऑडिओच्या प्रगत गुणधर्मांत सिंक ऑफसेट (आवाज मागे-पुढे सरकवण्याचा आकडा) आहे. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून छोटा तुकडा रेकॉर्ड करा, हात मिटल्याची फ्रेम आणि आवाजाचं टोक यांतला फरक मोजा, तेवढे मिलिसेकंद अधिक चिन्हाने (धन) टाका. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्हीत ठेवा. मध्येच वीज गेली तरी तिथपर्यंतची फाइल उघडते, नेहमीची एमपी-४ अर्धवट राहिली तर बहुधा उघडतच नाही. नंतर सॉफ्टवेअरमधूनच ती एमपी-४ करून घेता येते. इंटरनेट वायरचं घ्या, आणि अपलोडचा वेग प्रक्षेपणाच्या बिटरेटच्या निदान दीडपट असू द्या. रिकाम्या हॉलमध्ये वायफाय उत्तम चालतं, प्रेक्षक फोन घेऊन आत आले की तेच रडतं. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे वायरलेस माइकही त्याच गर्दीत तुटू लागतात. त्यांचा रिसीव्हर मिक्सरजवळ न ठेवता रंगमंचाजवळ, माणसांच्या डोक्यांवरून थेट दिसेल असा लावा.

फाइल बाहेर पाठवताना

संपादनाचा क्रम असा ठेवा: आधी ट्रॅक जुळवणं, मग गुणगुण-खरखर काढणं, मग इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, आणि शेवटी एकूण लाउडनेस. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो गोंगाटही उचलून वर आणतो. अ‍ॅपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ एलकेएफएस (सरासरी लाउडनेसचं एकक), एक डीबी इकडे-तिकडे, आणि खरं टोक (ट्रू पीक) उणे १ डीबीच्या वर नको, अशी आहे. लाइव्ह कार्यक्रमात टाळ्या हा आकडा वर ओढतात, त्यामुळे सरासरी बरोबर येऊनही बोलणं हळू राहतं. आधी टाळ्या बोलण्याच्या पातळीपेक्षा थोड्या खाली आणा, मगच मोजा.

लाइव्ह सादर करायची परवानगी मिळालेलं गाणं पॉडकास्टमध्ये वापरायची परवानगी आपोआप मिळत नाही. रेकॉर्ड करून वितरित करणं हा वेगळा हक्क आहे आणि कार्यक्रमाआधी वाजणाऱ्या तयार गाण्याच्या रेकॉर्डिंगचे हक्क आणखी वेगळे. म्हणूनही प्रत्येक चॅनेल स्वतंत्र ट्रॅकवर घेणं उपयोगी पडतं. निवेदन चालू असताना मागे वाजलेल्या गाण्याची परवानगी मिळाली नाही, तर तेवढा एक ट्रॅक बंद करता येतो. तरीही निवेदकाच्या माइकमध्ये स्पीकरवरून थोडं गाणं झिरपलेलं असतं, म्हणून परवानगी पक्की नसलेलं संगीत निवेदनाखाली वाजवूच नका, निवेदन सुरू होण्याआधी पूर्ण थांबवा.